तुटक रेघेचा सौदा

धुळ्याचे नाना मला कधी ना कधी फोन करणार, हे मला माहीत होतं. किती वर्षं लागतील एवढंच माहीत नव्हतं. फोन आला तेव्हा मी जळगावच्या माझ्या ऑफिसात नकाशे छापायच्या प्लॉटरला कागदाचा नवा रोल चढवत होतो. स्क्रीनवर नाव दिसलं आणि मी तो वाजू दिला. परत आला, परत वाजू दिला. गरजवंताला पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते. हे मी नानांकडूनच शिकलो होतो.

नाना म्हणजे आमच्या धंद्यातलं मोठं प्रस्थ. धुळ्यापासून पारोळ्यापर्यंत कुठे रस्ता आखायचा असो की पाइप टाकायचा असो, जमिनीची मोजणी त्यांच्याकडे जायची. मी त्यांच्याकडे लागलो तो कसलीही पदवी नसताना. दिवसभर उन्हात मोजणीची काठी धरून उभा राहायचो आणि संध्याकाळी ऑफिस रिकामं झालं की कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं कॅड शिकायचो. कुणी शिकवलं नाही. बघून बघून, चुकून चुकून शिकलो. पुढे मोजणी त्यांची आणि नकाशे माझे अशी वाटणीच पडली. मग मी जळगावात पाइपांच्या एका दुकानाच्या वर स्वतःची खोली घेतली, तरी नानांचं काम येत राहिलं, कारण नानांच्या हाताला कॅड कधी बसलं नाही. हौस मात्र दांडगी. नकाशा पूर्ण झाला की त्यात एक तरी बोट घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

त्या हौसेनं माझं नाव घालवलं, तेही माझ्या मामाच्या गावात.

योजना पाण्याची होती. धरणाचं पाणी उघड्या पाटानं न आणता जमिनीखालच्या पाइपांतून शेतापर्यंत न्यायचं. पारोळ्याच्या अंगाला असलेली काही गावं त्यात होती, त्यात मामाचंही. नकाशात नियम साधा असतो. जो पाइप जमिनीत आधीच आहे त्याची रेघ सलग काढायची, जो टाकायचा आहे त्याची तुटक. म्हणजे या गावांमध्ये जवळजवळ सगळ्याच रेघा तुटक. अजून काहीच टाकलेलं नव्हतं.

तुटक रेघ दिसते तेवढी साधी नसते. पेन्सिलीनं काढताना तुकडे आपला हात पाडतो. कॅडमध्ये रेघ एकच असते आणि तिचे तुकडे केवढे पडायचे हे एका आकड्यावर ठरतं. त्याला आम्ही लाइनटाइप स्केल म्हणतो. आता एका नकाशाची पानं अनेक. पहिल्या पानावर सगळी गावं एकत्र, म्हणजे जमीन फार लहान करून दाखवलेली. पुढच्या प्रत्येक पानावर एकेक शिवार मोठं करून. पहिल्या पानाला शोभेल असा आकडा ठेवला तर शिवाराच्या पानांवर तुकडे इतके लांब होतात की रेघ तुटतच नाही, सलग दिसते. शिवाराच्या पानांचा आकडा ठेवला तर पहिल्या पानावर तुकडे इतके बारीक पडतात की एकमेकांना चिकटून जातात. मी शिवाराच्या पानांचा आकडा ठेवला होता, कारण गावातल्या भिंतीवर तीच लागणार होती. पहिल्या पानासाठी वेगळी फाइल करून सकाळी पाठवतो, तोवर कशाला हात लावू नका, असं नानांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल पाठवली, पण नाना तोवर सगळी पानं छापून, गुंडाळी करून गाडीत घालून निघालेही होते. मी जळगावहून एसटीनं थेट गावात पोचलो. ग्रामपंचायतीच्या खोलीत पाटबंधारे खात्याचे साहेब खुर्चीवर, नाना त्यांच्या शेजारी, गावकरी सतरंजीवर. पुढच्या ओळीत मामा, धुतलेली टोपी घालून. भाच्यानं काढलेले नकाशे बघायला आले होते. पानं भिंतीवर लागली आणि मला दारातूनच दिसलं. प्रत्येक शिवारात, प्रत्येक बांधाजवळून, सगळ्या रेघा सलग.

मामांच्या भाऊबंदांपैकी एक आबा उठले, भिंतीजवळ गेले, आपल्या शेताचा गट क्रमांक शोधला आणि रेघेवर बोट ठेवलं.

"हाऊ पाइप मना वावरमा कसा उना? मी रोज जास वावरमा. माले दिसना नही."

साहेबांनी कोपऱ्यातली खुणांची पट्टी वाचून दाखवली. सलग रेघ म्हणजे अस्तित्वातला पाइप. बस, एवढं पुरलं. आमच्याकडे कागदावर विहिरी खोदल्या जातात, कागदावर बंधारे बांधले जातात, असं प्रत्येक पारावर बोललं जातं. दुसरीकडच्या माणसाला छपाईची चूक सुचली असती. इथे खोलीतल्या प्रत्येक माणसाला एकच सुचलं: पाइप कागदावर टाकून झाला, बिल निघालं, आता आपल्याला पाणी येत नाही. गलका झाला. साहेबांनी नानांकडे पाहिलं. नानांनी क्षणभरही वेळ न लावता दाराकडे हात केला.

"मोजणी माझी. नकाशे त्यानं काढलेत. जळगावला असतो."

सगळ्या माना वळल्या. मी बोलायला तोंड उघडलं, पण गलक्यात माझा आवाज कुणाला गेला नाही. मागून कुणीतरी मामाला उद्देशून म्हणालं, "तुना भाचा पाइप खाई गया," आणि खोली हसली. मामा उठले. माझ्या बाजूनं जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तिथून नानांच्या मागोमाग धुळ्याला गेलो. त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. आकडा बदललेला होता. पूर्वीच्या कारागिरांचा एक ठोकताळा असायचा: नकाशाचं जे प्रमाण तोच आकडा. नानांनी पहिल्या पानाचं प्रमाण धरलं, तो आकडा ठोकला, पहिलं पान ठसठशीत झालं आणि बाकीची पानं उघडूनही न बघता छापली. साहेबाच्या हातात आधी पहिलं पान जातं, म्हणून. मी हे सगळं त्यांच्या तोंडावर म्हटलं, आवाज चढवून म्हटलं. नाना विड्याच्या पानाला चुना लावत होते.

"अरे, धंद्यात एकाला पाण्यात ढकलावंच लागतं," ते म्हणाले. "तू पोहणारा आहेस. साहेब बुडाले असते, मी बुडालो असतो. तुझं काय, तू तर भाचा. गाव विसरेल."

गाव विसरलं नाही. मामा त्यानंतर बरेच दिवस पारावर बसायला गेले नाहीत. मामेबहिणीच्या लग्नात मी वाढायला उभा राहिलो तर पंगतीत कुणीतरी विचारलं, हे पण कागदावरच वाढतोस का. आणि नव्या पानांच्या कोपऱ्यात, जिथे नकाशा काढणाऱ्याचं नाव असतं, तिथे माझ्या जागी नानांच्या जावयाचं नाव आलं.

त्या दिवसापासून मला नानांकडून एकच गोष्ट हवी होती. काम नको, माफी नको. त्यांनी त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर उभं राहून सांगायचं की आकडा मी बदलला. बाकी काही नाही. आणि ते सांगतील तेव्हा मामा पुढच्या ओळीत असायला हवेत.

राग माणसाला बिघडवतो म्हणतात. मला रागानं कॅड शिकवलं. त्या एका आकड्याचा मी असा पिच्छा पुरवला की त्याला कुठे लपायला जागा ठेवली नाही. मला कळलं की प्रत्येक पानासाठी एक वेगळी सोय असते. ती सुरू केली की जमीन कितीही लहान-मोठी दाखवा, तुकडे कागदावर सगळीकडे सारखेच पडतात. आणखी एक कळलं. नाल्याकाठची रेघ वळणावळणानं जाते, मोजणीचे बिंदू तिथे जवळजवळ असतात आणि कॅड प्रत्येक बिंदूपासून तुकड्यांची मोजणी नव्यानं सुरू करतं. दोन बिंदूंतलं अंतर तुकड्याहून कमी असलं की रेघ तिथे तुटायला जागाच नसते. तिला सांगावं लागतं की बाई, तू टोकापासून टोकापर्यंत एकच आहेस. हे सांगायची खूण मला सापडली त्या दिवशी मी खाली जाऊन पाइपवाल्याला चहा पाजला. का, ते त्याला कळलं नाही.

आणि आता नानांचा फोन वाजत होता. तिसऱ्यांदा मी उचलला.

आवाज मऊ होता. मला भाऊ म्हणाले. आजवर कधी म्हणाले नव्हते. योजनेचा पुढचा टप्पा मंजूर झाला होता, गावं वाढली होती, पानं ढीगभर झाली होती आणि ती खात्याकडून परत आली होती. एकच पाइप एका पानावर तुटक तर शेजारच्या पानावर सलग, असा शेरा होता. नकाशे सुधारून गावात दाखवल्याशिवाय काम पुढे सरकणार नव्हतं. आधी कोणत्या गावात दाखवायचे, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

"जळगावला या," मी म्हटलं.

ते जावयाला घेऊन आले. जिना चढून दम लागला होता. मी स्टूल दिलं. खुर्ची एकच होती, तिच्यावर मी होतो. फाइल उघडली आणि मला हसू आवरेना. जावयानं प्रत्येक पान हातानं सारवलं होतं. जिथे रेघ सलग दिसली तिथे त्या एका रेघेला तिचा स्वतःचा आकडा. तीच रेघ पुढच्या पानावर गेली की बिघडायची, मग पानाच्या कडेशी ती कापायची आणि पुढच्या तुकड्याला निराळा आकडा. एक पाइप गावाबाहेर पडेपर्यंत खांडोळी झालेला. मी जावयाला म्हटलं, ही पाइपलाइन आहे की कांद्याची कोशिंबीर. बिचारा खाली बघत राहिला. त्याच्यावर माझा राग नव्हता. राग स्टुलावर बसला होता.

नानांनी दर विचारला. मी सांगितलाच नाही. मग ते आपणहून वाढवत गेले आणि मी स्क्रीनकडे बघत राहिलो. भाव करणारा माणूस गप्प बसला की समोरचा स्वतःशीच भाव करू लागतो. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुला हवंय काय?"

मी सांगितलं.

मग घासाघीस सुरू झाली. मामांच्या घरी जाऊन सांगतो, म्हणाले. मी म्हटलं, हशा घरात झाला नव्हता. साहेबांना सांगतो, म्हणाले. मी म्हटलं, साहेब बदलून गेले. मग त्यांनी त्यांचा हुकमी पत्ता काढला. गावात सभा घेऊ, तुझा सत्कार करू. शाल, श्रीफळ, हार. मी स्वतः बोलेन की असा कारागीर जिल्ह्यात नाही.

"शाल नको नाना," मी म्हटलं. "शाल झाकायला असते."

जावई खोकला. नानांनी त्याला चहा सांगायला खाली पाठवलं आणि तो गेल्यावर हळूच म्हणाले, "माझ्या वयाकडे तरी बघ."

"त्या दिवशी तुम्ही माझ्या मामांच्या वयाकडे पाहिलं होतं?"

मग त्यांनी मान डोलावली. मी सौदा शब्दाशब्दानं बोलून दाखवला. गावात, त्याच खोलीत, सगळ्यांसमोर त्यांनी सांगायचं की आकडा कुणी बदलला. बोलून झालं की सुधारलेली सगळी पानं छापून त्यांच्या हातात. "सगळी पानं," मी परत म्हटलं. "ठरलं," नाना म्हणाले आणि हातावर हात मारला.

काम मी मन लावून केलं. इतकं मन लावून मी माझ्या स्वतःच्या घराचा नकाशाही काढला नव्हता. जावयानं दिलेले सुटे आकडे पुसले, कापलेले पाइप सांधले, नाल्याकाठच्या रेघांना एकसंध केलं, प्रत्येक पानाची सोय सुरू केली आणि मूळ आकडा एकच ठेवला. मग दोन शेजारची पानं छापून टेबलावर कडेला कड लावून ठेवली. रेघ एका कागदावरून दुसऱ्या कागदावर अशी गेली, जणू मध्ये कागद संपलाच नाही. मला फार बरं वाटलं. नकाशात चूक आहे म्हणायला नानांना आता जागा उरली नव्हती.

गावातली खोली तीच होती, रंग नवा होता. मी मामांना आदल्या दिवशीच सांगून पुढच्या ओळीत बसवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. नवीन पानांची गुंडाळी माझ्या पिशवीत होती आणि पिशवी माझ्या मांडीवर. नाना उभे राहिले. योजनेबद्दल बोलले, पाण्याबद्दल बोलले, मागच्या वेळी नकाशात थोडा घोळ झाला होता, असं म्हणाले. "कॉम्प्युटर म्हटला की बिघाड आलाच," म्हणाले आणि माझ्याकडे हात केला, पानं द्यायला.

मी पिशवी धरून बसलो.

"कॉम्प्युटर बिघडला नव्हता नाना. आकडा बदलला होता. कुणी, ते सांगा."

नव्या साहेबांना काही कळेना, ते कधी माझ्याकडे, कधी नानांकडे बघू लागले. नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. मला वाटलं ते आता पुन्हा काहीतरी गुळगुळीत बोलतील आणि मी उठून निघून जाईन. मी खरंच जाणार होतो.

"मी बदलला," नाना म्हणाले. "पहिलं पान साहेबांना छान दिसावं म्हणून. बाकीची पानं मी उघडून पाहिली नाहीत. ह्यानं मला नको म्हणून सांगितलं होतं." मग मामांकडे वळले. "आणि गलका झाला तेव्हा मी घाबरलो आणि ह्याच्यावर ढकललं. ह्या पोरानं काही केलेलं नव्हतं."

शेवटचं मी मागितलं नव्हतं. ते सौद्यात नव्हतं. ते त्यांनी वर टाकलं, भाजीवर कोथिंबीर टाकावी तसं, आणि त्या क्षणी मला कळलं की माझं काहीतरी निसटलं. कारण खोली त्यांच्यावर हसली नाही. कुणी त्यांना पाइप खाल्लास म्हणालं नाही. आबा, ज्यांच्या वावरात कागदावरचा पाइप सापडला होता, ते म्हणाले, "बोली टाकं ना त्यानी. झायं मंग." दोन-चार माना हलल्या. कुणीतरी नानांना पाण्याचा तांब्या दिला. इतकी वर्षं मी ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द माझ्या हातात यायच्या आत लोकांनी नानांच्या पदरात टाकले. मोठा माणूस, मन मोठं, चूक कबूल केली. मी पानं दिली. भिंतीवर लागली. रेघा तुटक होत्या, सगळीकडे सारख्या, आणि त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

मामांनी मात्र पाहिलं. जवळ गेले, आपल्या शेताजवळच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांदेखत नानांना जेवायला घरी चला म्हणाले.

मामीनं वरण-बट्टी केली होती, वांग्याची घोटलेली भाजी होती. मामांनी नानांना पाटावर बसवलं आणि मला त्यांच्या शेजारी. नाना दोन बट्ट्या तुपात कुस्करून जेवले. मामीच्या हाताचं कौतुक केलं. मामांना विहिरीचं पाणी किती फुटांवर आहे ते विचारलं. दोघे जुने सोयरे असावेत तसे बोलत होते. मी जेवलो, कारण मामीच्या ताटावरून उठायची आमच्यात रीत नाही. पण प्रत्येक घास मोजत होतो, माझा नाही, त्यांचा.

हात धुताना अंगणात नाना माझ्याजवळ आले. मोकळे झाले होते, चेहऱ्यावर तेज आलं होतं. म्हणाले, "झालं ना रे मनासारखं? आता ती फाइल दे. जावयानं पेन ड्राइव्ह आणलाय."

"पानं दिली नाना."

"पानं दिलीस. फाइल?"

"सौदा पानांचा होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाना मुरलेला माणूस, त्यांना सगळं एका क्षणात समजलं. कागद त्यांच्याकडे होता, पण सुधारलेली फाइल माझ्या मशीनवर होती. त्यांच्याकडे जावयाची कोशिंबीर तेवढी उरली होती.

"आणि उद्या बदल निघाला तर?"

"जळगावला यायचं. जिना तुम्हाला माहीत आहे."

मामा ओसरीवरून ऐकत होते. नानांची गाडी गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं शाबासकी देतील. इतकी वर्षं पारावर जायचं टाळलं होतं त्यांनी, माझ्यामुळे, नानांमुळे.

"त्यानी तं बोली टाकं," मामा म्हणाले. "तू मातर धरी बठना."

हो मामा, मी म्हटलं, धरून बसलोय. ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी ते पारावर बसायला गेल्याचं मामीनं मला फोनवर सांगितलं. ते त्यांचं झालं. माझं नाही.

बदल निघतातच. जमिनीचं काम आहे, कुठे बांध सरकतो, कुठे कुणी विहीर खणतं. नाना येतात, स्टुलावर बसतात. मी त्यांच्यासमोर फाइल उघडतो, पान सुधारतो, छापतो आणि कागद हातात देतो. आकडा दिसणार नाही अशा बेतानं स्क्रीन वळवलेला असतो. पानाच्या कोपऱ्यात आता माझं नाव असतं.

परवा आले होते. एका शेतात नवी विहीर आडवी आली, पाइप जरासा वळवायचा होता. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. साहेबांना आजच द्यायचंय, असं म्हणाले. मी फाइल उघडली, विहीर पाहिली, फाइल बंद केली.

गुरुवारी या, म्हटलं.